दोन रॅप क्रू कागदावर कसे भिडवायचे: नागपूरच्या नवख्यांसाठी

‘वू-टँग क्लॅन भारी की एन.डब्ल्यू.ए.?’ हा दोन अमेरिकन रॅप क्रूंवरचा (पहिला न्यूयॉर्कचा, दुसरा कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा) वाद फुटाळा तलावावर सुरू झाला की तर्री-पोह्यांच्या प्लेटी रिकाम्या होईपर्यंत चालतो आणि ज्याचा गळा मोठा त्याच्या बाजूने संपतो. पोट्ट्यांना माहिती कमी असते असं नाही. एक जण अल्बमबद्दल बोलत असतो, दुसरा स्टेजबद्दल, तिसरा एन.डब्ल्यू.ए.चा आइस क्यूब पुढे किती मोठा झाला त्याबद्दल. हे दोन क्रू समोरासमोर कधी भिडलेच नाहीत, त्यामुळे निकाल कुठे लिहिलेला सापडणार नाही, तो आपणच लावायचा असतो. लावायची रीत अशी: आधी अटी बांधायच्या, मग गाणी ऐकायची, शेवटी गुण द्यायचे. गाणी आधी ऐकली की आपल्या लाडक्या क्रूला सोयीच्या अटी आपोआप सुचायला लागतात.

सामान आणि माणसं

परीक्षक तीन किंवा पाच, सम संख्या नको. दोन जण वकील, म्हणजे प्रत्येक क्रूची बाजू मांडणारे. एक जण वेळ बघणारा, त्याने गुण द्यायचे नाहीत. मोबाईलवर मेट्रोनोम आणि स्टॉपवॉच, एक बरा स्पीकर, गाण्यांचे शब्द वाचायला जीनियससारखी साइट, आणि वही. एका जोडीला साधारण तीन तास लागतात.

फुटाळा किंवा अंबाझरीचा काठ गप्पांना छान, पण ऐकण्याच्या कामाला उपयोगाचा नाही. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात किक (ड्रमचा जड ठोका) ऐकू येते, शब्द बुडतात, आणि मग नकळत ज्याची बीट जड त्याला जास्त गुण पडतात. ऐकायचं काम घरात, खिडक्या लावून. मे महिन्यात नागपुरात खिडक्या लावून कुलर बंद ठेवणं म्हणजे शिक्षाच, तेव्हा हा उद्योग हिवाळ्यात केलेला बरा. नाहीतर हेडफोन.

पहिली पायरी: तारीख ठरवा

नवखे सगळ्यात जास्त इथे फसतात. ‘एन.डब्ल्यू.ए.’ नावाचा एकच क्रू नाही. आइस क्यूब असलेला एक, आणि डिसेंबर १९८९ मध्ये पैशांच्या वादातून तो निघून गेल्यानंतरचा दुसरा. दोघांची ताकद वेगळी. वू-टँगचंही तसंच. नऊ जणांचा पहिला अल्बम ९ नोव्हेंबर १९९३ ला आला, कॅपाडोना नंतर जोडला गेला, ओल डर्टी बास्टर्ड २००४ मध्ये वारला. म्हणून प्रत्येक क्रूपुढे एक तारीख लिहायची. आपल्या उदाहरणासाठी घेऊ: एन.डब्ल्यू.ए. नोव्हेंबर १९८९, वू-टँग डिसेंबर १९९३.

तारखेबरोबर दोन गोष्टी येतात.

एक, पुराव्याची मुदत. त्या तारखेच्या मागची-पुढची दोन वर्षं धरा. त्या काळातलं काहीही माणसाची कुवत दाखवायला चालेल. या हिशेबात क्यूबचं ऑक्टोबर १९९१ चं उत्तर बसतं. जुन्या साथीदारांनी १९९० आणि १९९१ मध्ये रेकॉर्डवर त्याला टोमणे मारले होते, त्याने एकट्याने एका गाण्यात चौघांचा हिशेब केला. वू-टँगच्या बाजूने १९९५ पर्यंतचे सोलो अल्बम येतात, मेथड मॅन, रेकवॉन आणि जीझेडए यांचे. दोन वर्षांऐवजी पाच धरली तर जवळजवळ प्रत्येक क्रू थोर ठरतो आणि तुलनेत राम राहत नाही.

दोन, कोणाला काय माहीत आहे. नियम असा: समोरच्याचा अल्बम आणि समोरच्याच्या तारखेपर्यंतचा इतिहास दोन्ही बाजूंना माहीत, पुढचं काहीच नाही. त्यामुळे वू-टँगचा वकील ‘तुमचा क्यूब तर पळून गेला’ असं म्हणू शकत नाही, कारण नोव्हेंबर १९८९ मध्ये क्यूब तिथेच उभा आहे. हा वार इतका मोहात पाडणारा आहे की दर वेळी कोणीतरी तो करतोच. वेळ बघणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवायचं.

दुसरी पायरी: माणसं मोजा, नावं नव्हे

पोस्टरवर नऊ विरुद्ध पाच दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या अल्बमवर मास्टा किलाचा एकच व्हर्स (कडवं) आहे. यू-गॉड रेकॉर्डिंगच्या बऱ्याच काळात तुरुंगात होता, त्याचंही काम थोडं. आरझेडए रॅप करतो, पण त्याची खरी ताकद बीट आणि क्रूची बांधणी. एन.डब्ल्यू.ए.च्या बाजूला डीजे येला रॅपर नाही. ईझी-ईचा आवाज लाख मोलाचा, पण त्याचे बरेचसे शब्द क्यूब, एमसी रेन आणि डी.ओ.सी. यांनी लिहिलेले. डॉ. ड्रे तेव्हा मुख्यतः बीटवाला.

म्हणून दोन्हीकडून चार-चार उतरवायचे. एन.डब्ल्यू.ए.कडून क्यूब, रेन, ईझी, ड्रे, म्हणजे निवडीला वावच नाही. वू-टँगकडून वकिलाने चार निवडायचे आणि कारण द्यायचं. जीझेडए, मेथड मॅन, इन्स्पेक्टा डेक आणि ओल डर्टी बास्टर्ड ही निवड आम्हाला पटते. घोस्टफेस बाहेर ठेवला म्हणून भांडण होणार, होऊ द्या. डर्टी घ्यायचा कारण बॅटलमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या रॅप-सामन्यात, समोरच्याचा तोल घालवणारा एक माणूस लागतो, आणि त्याच्या व्हर्समध्ये पुढची ओळ कुठे जाईल ते शेवटपर्यंत कळत नाही.

लेखक पडद्याआड चालेल का, हेही आत्ताच ठरवा. डी.ओ.सी. क्रूचा अधिकृत सदस्य नव्हता. आमचा कौल: तयारीच्या फेरीत (आधी लिहून आणलेल्या ओळी) त्याने लिहिलेलं चालेल, उत्तराच्या फेरीत (जागच्या जागी दिलेला जवाब) नाही, कारण तिथे लिहायला वेळच नसतो. हा एक नियम ईझी-ईचे गुण कितीतरी खाली आणतो.

तिसरी पायरी: बार मोजायला शिका

हे येत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. किक आणि स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) यांच्याकडे कान द्या. साध्या, जुन्या धाटणीच्या बूम-बॅप बीटवर स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. एक-दोन-तीन-चार झालं की एक बार. सोळा बार म्हणजे ६४ ठोके. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) ते सुमारे ४३ सेकंदांत संपतात. मेट्रोनोम ९० वर लावून, बोटाने वहीवर रेघा मारत तीन-चार व्हर्स मोजा, कानाला सवय होते.

घोळ होतो तो ट्रॅप आणि ड्रिल या नव्या शैलींवर. तिथे टेम्पो १४० च्या आसपास लिहिलेला असतो आणि स्नेअर बारमध्ये एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर पडतो. कान त्याला ७० समजतो आणि सोळा बारचे आठच मोजले जातात. मग वाटतं या पोराने निम्म्या जागेत दुप्पट शब्द बसवले. प्रत्यक्षात १४० ला सोळा बार साधारण २७ सेकंदांचे असतात. जुना क्रू नव्या क्रूशी भिडवताना म्हणून बारऐवजी सेकंद धरा: प्रत्येक माणसाचे ९० सेकंद, कुठल्याही टेम्पोवर.

चौथी पायरी: यमक तपासा

शेवटचं अक्षर जुळलं की यमक झालं असं शाळेत चालतं. ‘गेला’ला ‘आला’ हे एका अक्षराचं, कोणालाही जमणारं. रॅपमध्ये बघायचं ते किती अक्षरांचे स्वर ओळीने जुळतात ते. हे पाहा:

तुझा क्रू वाघ फक्त रात्रीच्या फुटाळ्याला,
स्टेजवर आला की आटतो, विहीर जशी उन्हाळ्याला.

‘फुटाळ्याला’ आणि ‘उन्हाळ्याला’ यांत उ-आ-आ-आ असे चारही स्वर जुळतात, शिवाय दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या फुशारकीवर पाणी टाकते. यमक आणि मारा एकाच जागी येतात. यमक छान आणि मारा शून्य अशा ओळी खूप सापडतील. त्यांना यमकाच्या रकान्यात गुण द्या, माऱ्याच्या रकान्यात नको.

वहीत ओळीखाली जुळणारे स्वर अधोरेखित करा. सोळा बारमध्ये तीन किंवा जास्त अक्षरांची जुळणी किती वेळा आली तो आकडा बाजूला लिहा. ओळीच्या मध्ये आलेलं यमक वेगळ्या रंगाने.

इथे काळाचा अन्याय होतो, त्याला औषध लागतं. राकिम या रॅपरने १९८६-८७ पासून ओळीच्या पोटात यमक घालून, एक वाक्य दोन बारांवर ओढून सगळ्यांची लिहिण्याची पद्धत पालटली. १९९३ पर्यंत ते न्यूयॉर्कमध्ये नेहमीचं झालं होतं. चार वर्षं आधीच्या, तेही दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कॉम्प्टनच्या क्रूला त्याच मापाने मोजलं तर तो हरणारच. म्हणून प्रत्येक क्रूसाठी त्याच वर्षाचा, त्याच शहराचा एक तिसरा कलाकार ऐका आणि त्याच्यापेक्षा हा किती पुढे आहे ते बघा. क्यूब या कसोटीवर झटकन वर येतो. रेनही येतो, आणि तो कायम दुर्लक्षित राहिला आहे हेही कळतं.

पाचवी पायरी: ऐकणे

प्रत्येक उतरलेल्या माणसाचे तीन व्हर्स. एक गाजलेला, एक विरोधकांनी निवडलेला कमकुवत, आणि एक ज्यात तो दुसऱ्या क्रू-सदस्यासोबत आहे. दुसरा व्हर्स समोरचा वकील निवडतो, ही अट सोडू नका. नाहीतर दोन्हीकडून फक्त हिटच वाजतात. पहिल्यांदा शब्द न बघता ऐका, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. पहिल्या ऐकण्यात फ्लो (शब्द तालावर वाहण्याची ढब) कळतो, दुसऱ्यात लिखाण. दोन्ही एकदम बघितलं तर वाचता वाचता फ्लो निसटतो. आठ जणांचे तीन-तीन म्हणजे चोवीस व्हर्स, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

सहावी पायरी: अँगल बांधा

कल्पनेतल्या बॅटलमध्ये त्या कलाकारांच्या तोंडी ओळी घालायचा मोह होतो. घालू नका. वू-टँगची नक्कल करून लिहिलेली ओळ तुमची कुवत दाखवते, त्यांची नाही. त्याऐवजी अँगल लिहा: समोरच्यावर कुठून हल्ला करता येईल, त्याला पुरावा काय, आणि त्यावर उत्तर काय येईल. प्रत्येक वकिलाने चार अँगल, प्रत्येकाला दोन वाक्यं.

वू-टँगकडून एन.डब्ल्यू.ए.वर: ईझीच्या तोंडातले शब्द दुसऱ्याचे. चार माणसं उभी आहेत पण लेखण्या दोनच. उत्तर येईल: शब्द कोणाचेही असोत, ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयने आमच्या एका गाण्यावरून आमच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं, तुम्हाला कोणी लिहिलं? हे उत्तर लागतं. गर्दी उसळते. पण परीक्षकाने बघायचं की मूळ आरोप खोडला की बाजूला सारला. इथे सारला आहे.

एन.डब्ल्यू.ए.कडून वू-टँगवर: तुमची सगळी दंतकथा कुंग-फू सिनेमांच्या आवाजांवर उभी, आमची आमच्या रस्त्यावर. शिवाय नऊ नावं लावून दोघांना जेमतेम जागा. पहिल्याला उत्तर सोपं आहे, कारण स्टेटन आयलंडच्या वस्तीतलं जगणं त्या अल्बमवर सिनेमाच्या तुकड्यांइतकंच स्पष्ट ऐकू येतं. दुसऱ्याला आणखी सोपं: आरझेडए आपल्याच माणसांना गाण्यातल्या जागेसाठी एकमेकांशी झुंजवायचा, ज्यांना जागा मिळाली ती जिंकून. बॅटलच्या तुलनेत हा मोठा पुरावा आहे. हा क्रू रोज घरातच बॅटल खेळत होता.

टोमणा कसा असावा हे नागपूरला बाहेरून शिकायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर जे बडगे (पुतळे) निघतात त्यांच्या पाट्या वाचा. चांगल्या पाटीवर माणूस, त्याचं कृत्य आणि झोंबणारा शब्द, एवढंच असतं. इतवारीच्या गर्दीत चालता चालता वाचून समजलं पाहिजे. अँगलही तसाच हवा. समजावून सांगायला तिसरं वाक्य लागलं तर तो टाकून द्या.

जात, धर्म, घरातल्या बायका आणि मेलेली माणसं अँगलमध्ये नकोत. त्याने वाद रॅपवरून सरकतो आणि परत येत नाही.

सातवी पायरी: गुण

शंभर गुण असे वाटा. मारा २५, उत्तर २५, यमक आणि मांडणी १५, फ्लो १५, क्रूचा मेळ १०, बीट आणि स्टेज १०. उत्तराला इतकं वजन का? आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात शाहीर कितीही सुरेल असला तरी समोरच्या फडाच्या सवालाला जवाब देता आला नाही की त्याची हार. रॅप क्रूंच्या इतिहासातही तेच दिसतं. क्वीन्सब्रिजचा ज्यूस क्रू माणसांनी आणि नावांनी कितीतरी मोठा होता. पण १९८६-८७ मध्ये केआरएस-वनच्या बूगी डाउन प्रॉडक्शन्सने हिप-हॉप कुठे जन्मलं या एकाच मुद्द्यावर घाव घालत ठेवले, आणि बहुतेकांच्या मते तो सामना लहान क्रूने मारला.

उलट बाजूचं उदाहरणही माहीत असू द्या. डिसेंबर १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबमध्ये बिझी बी हा रॅपर गर्दीला हसवत, ओरडायला लावत होता. कूल मो डी मंचावर आला आणि त्याने थेट बिझी बीच्या लिखाणावरच हल्ला केला. त्या रात्रीपासून गर्दी खूश करणारा आणि शब्दाने मारणारा यांत फरक धरला जाऊ लागला. म्हणून स्टेजला दहाच गुण ठेवले आहेत. स्टेजला शून्य देणारे शुद्धतावादीही असतात. त्यांनी बॅटल ऐकावी की वाचावी, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

आमच्या उदाहरणात गुण असे पडतात. वू-टँग: मारा १९, उत्तर १७, यमक १४, फ्लो १३, मेळ ९, बीट-स्टेज ८, एकूण ८०. एन.डब्ल्यू.ए.: मारा २२, उत्तर १८, यमक ९, फ्लो ११, मेळ ६, बीट-स्टेज ९, एकूण ७५. क्यूब एकटा मारा आणि उत्तर हे दोन्ही रकाने ओढून नेतो. पण चौघांत काम वाटलं की ईझी आणि ड्रेच्या फेऱ्यांत गळती होते.

आता एक प्रयोग करा. यमकाचे १५ गुण ५ करा आणि माऱ्याचे २५ चे ३५. त्याच कामगिरीवर त्रैराशिक मांडलं तर वू-टँगचे ७८.३ होतात आणि एन.डब्ल्यू.ए.चे ७७.८. पाच गुणांची आघाडी अर्ध्या गुणावर आली, आणि एकही गाणं पुन्हा ऐकावं लागलं नाही. वजनं गाणी ऐकण्याआधी लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायची ती यासाठी. निकाल सांगताना वजनंही सोबत सांगा. नुसतं ‘वू-टँग जिंकले’ म्हणणाऱ्याला पुढच्या चौकात कोणीही खोटं पाडेल.

गुण प्रत्येक परीक्षकाने एकट्याने, मोबाईल उलटा ठेवून द्यायचे. मोठ्याने बोलणारा पहिला आकडा म्हणाला की बाकीचे त्याच्या आसपास घुटमळतात. पाच परीक्षक असतील तर प्रत्येक रकान्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून उरलेल्या तिघांची सरासरी घ्या.

आपल्या भाषेतली जोडी घ्यायची असेल तर

मुंबईचा स्वदेसी आणि दिल्लीचे सीधे मौत ही नवख्यांना आवडणारी जोडी. स्वदेसीत मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा आहेत आणि त्यातला १००आरबीएच अमरावतीचा, म्हणजे आपल्या विदर्भातला. त्यामुळे नागपुरातले परीक्षक झुकणार, हे गृहीत धरून एक तरी परीक्षक दोन्हीपैकी कोणाचाही चाहता नसलेला घ्या. सीधे मौत दोघेच आहेत, काम (Calm) आणि एन्कोर, तेव्हा सामना दोन विरुद्ध दोनच ठेवा. स्वदेसीचा एमसी तोड फोड मार्च २०२२ मध्ये वारला, त्याला उतरवायचं तर तारीख त्याआधीची. ज्याला एखादी भाषा येत नाही त्याने त्या व्हर्सला माऱ्याचे गुण द्यायचे नाहीत, फक्त फ्लोचे. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, सरासरी बाकीच्यांची घ्या.

शहरातलेच दोन क्रू भिडवायचे असतील तर आधी त्यांना विचारा. आकडे बाहेर गेले की ते तुमच्या खेळाचे राहत नाहीत, त्या पोरांच्या पुढच्या शोचे होतात.

बरोबरी झाली तर

एकूण फरक दोन गुणांहून कमी असेल तर ती बरोबरी समजा, तेवढी चूक परीक्षकांच्या कानात असतेच. मग फक्त उत्तराचा रकाना बघायचा. तोही सारखा असेल तर प्रत्येक वकिलाने समोरच्याचा एक न वापरलेला अँगल निवडून द्यायचा, अर्ध्या मिनिटात त्यावर उत्तर मांडायचं, आणि परीक्षकांनी हात वर करून निकाल द्यायचा. या फेरीला वहीत नवा रकाना उघडू नका, नाहीतर चहा गार होईपर्यंत बेरजा चालतात.